धुराड्याचं झाकण

शब्द तोंडातून निघून गेला तेव्हा दूध उतू जात होतं, एवढंच कापितोलिनाला नंतर नीट आठवत राहिलं. आधी शब्द की आधी दूध, हे मात्र काही केल्या आठवेना. सकाळची वेळ होती. खिडकीबाहेर वोलोग्दा शहराचं करडं आभाळ छपरांवर टेकलं होतं आणि रात्री पडलेल्या पहिल्या बर्फाचं अंगणात पाणी होत होतं. लापशीची वाटी आणि लिंगनबेरीच्या मुरंब्याची बरणी यांच्या मधोमध उल्यानाने आपला लॅपटॉप ठेवला होता, आणि पडदा आईकडे वळवून ती म्हणाली होती, "बघ ना. तोंड वाकडं करायच्या आधी एकदा बघ तरी."

कापितोलिनाने बघितलं. बर्फातलं लाकडी घर. घराचा उंबरा. उंबऱ्यावर एक पोरगा बसलेला, पाठ घराकडे, तोंड जंगलाकडे. डोक्यावर कानाची टोपी, तिचा एक कान वर बांधलेला आणि दुसरा लोंबता. समोर स्प्रूसची झाडं, आणि झाडांमध्ये ते उभे होते. उलटे घातलेले मेंढीच्या कातड्याचे कोट, लोकर बाहेर, आणि तोंडांवर भूर्जाच्या सालीचे मुखवटे. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. त्यांच्यातला एकही काही करत नव्हता. सगळे वाट बघत होते.

"टोपी कुठून आणलीस?"

"तुझ्याच फोटोतून. प्रोखोरमामाची. छान आलीय ना? आणि ही मुखवटेवाली मंडळीसुद्धा तुझीच. नाताळानंतर सोंगं घेऊन यायचे म्हणून तूच नाही का सांगायचीस झोपवताना? बाकीच्या पोरांच्या आया सशाच्या गोष्टी सांगायच्या."

"हा तुम्ही बनवताय तो खेळ खेळतात कसा?"

"वाचतात. चित्र येतं, खाली मजकूर येतो, मध्येच खेळ विचारतो, आता हा पोरगा काय करील? जाईल की थांबेल? तू निवडायचं. चुकलीस तर गेला." उल्यानाने चमचा चाटला. "आणि आई, तुझं एक काम आहे. नाही म्हणू नकोस. शेवटी जंगलाचा धनी, लेशी, त्याला आईच्या आवाजात हाक मारतो. एकच वाक्य आहे. ये रे बाळा, ये, मी इथेच आहे. आमच्यातल्या एकीने म्हणून बघितलं, पण ती बँकेच्या फोनवरच्या बाईसारखी वाटते. कर्जाचा हप्ता मागतेय जणू. तुझा आवाज कसा, चर्चमध्ये तू गायला लागलीस की मागची म्हातारी आपोआप रडायला लागते."

"ज्या गळ्याने देवाचं गाते, त्या गळ्याने जंगलाच्या धन्याचं बोलू?"

"गळा एकच असतो गं माणसाला."

"आणि त्या पोराला तुम्ही मारणार. मेलेल्या माणसाची टोपी पण सोडत नाही तुम्ही."

"मेलेल्या?" उल्यानाने मान वर केली. ती काही दुष्टपणाने बोलली नाही, नुसतं विचारलं. "मामा मेलाय? तू तर अजून मेणबत्ती कुठे लावायची ते ठरवू शकली नाहीस."

आणि तेव्हा ते झालं. दूध वर आलं, की आधीच आलं होतं, कापितोलिनाचा हात भांड्याकडे गेला आणि तोंड मुलीकडे राहिलं, आणि त्या तोंडातून तिच्या आईचा आवाज निघाला, जसाच्या तसा, त्याच पट्टीत, "लेशी नेवो तुला!"

उल्याना हसली. कोट घालता घालता हसत होती. "न्यायची काय गरज? मी माझ्या पायांनी चाललेय. रोद्या खाली गाडी घेऊन उभा आहे. आम्ही येलोव्काला जातोय, तुझ्या गावाला. आवाज रेकॉर्ड करायला. बर्फाचा, झाडांचा. रोद्या म्हणतो शहरात खरी शांतता मिळत नाही." खाली हॉर्न वाजला. दार आपटलं. जिन्यात तिचे बूट वाजत खाली गेले आणि मग वाजायचे थांबले.

जळक्या दुधाचा वास घरभर झाला. कापितोलिना फडका घेऊन शेगडी पुसत राहिली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली. चोवीस वर्षांची घोडी, तिला एक शब्द बोलले तर काय मोठंसं, आपल्या आया काय काय बोलायच्या. असं ती मनाशी म्हणाली आणि त्या म्हणण्यापाशीच अडकली. कारण आपली आई तेच बोलली होती. हेच शब्द, आणि तेव्हाही दूधच होतं. जमिनीवर सांडलेलं, कोमट, फळ्यांच्या फटींतून खाली जाणारं दूध, उलटी झालेली बादली, आणि बादलीच्या बाजूला सात वर्षांचा भाऊ प्रोखोर, घरचा प्रोशा, दातांमध्ये फट पडलेला, हसू दाबत उभा. आई येव्स्तोलिया पहाटेपासून सामूहिक शेतीच्या गोठ्यात होती. दूध काढणाऱ्या बायकांची ती मुकादम, तिचा फोटो कचेरीच्या बाहेर मानाच्या फळ्यावर लावलेला होता. दमलेलं माणूस काय बोलतं त्याला काही अर्थ असतो का? प्रोशा उंबरा ओलांडून गेला. गवत कापायचे दिवस होते. त्याने जाताना टोपी घातली, उन्हाळ्यात, कानाची टोपी, कारण ती वडिलांनी मरायच्या आधी आणली होती आणि तो ती झोपतानाही काढायचा नाही.

येलोव्कात सगळ्यांना ठाऊक होतं की दिवसात एक वाईट घटका असते. ती कुठली ते कोणाला कळत नाही, पण त्या घटकेत आईने पोराला लेशीच्या स्वाधीन केलं की लेशी ते घेतो. त्याला दिलेलं असतं ते. चोरी नव्हे. म्हणून बायका रागाने तोंड उघडायच्या आणि शब्द बाहेर पडायच्या आत ओठांवर बोटांनी क्रूसाची खूण करायच्या. कापितोलिनाची आई ती खूण करत नव्हती. ती कम्युनिस्ट पार्टीची सभासद होती.

कापितोलिनाने उल्यानाला फोन लावला. नंतर परत लावला. गाडी अजून शहराबाहेर पडली नसेल, पण उल्याना उचलत नव्हती. रुसली असेल. तासाभराने तिसऱ्यांदा लावला तेव्हा बाईचा गोड आवाज आला की हा नंबर सध्या सेवाक्षेत्राच्या बाहेर आहे. खरंच की बँकेच्या बाईसारखा, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू आलं नाही.

संगीतशाळेत लहानांचा वर्ग होता. कापितोलिना निकीतिच्ना, कापितोलिना निकीतिच्ना, करत पोरं भोवती जमली, ओल्या लोकरीच्या हातमोज्यांचा वास आला. ती पियानोशी बसली आणि त्यांना दोन स्वर दिले, वरचा आणि थोडा खालचा. हे अंतर ओळखायला ती नेहमी एकच युक्ती सांगायची. सांगून सांगून ती युक्ती तिच्या तोंडात गुळगुळीत झाली होती, तिच्यात काही आहे हे ती विसरून गेली होती. "आई अंगणातून जेवायला हाक मारते ना, तसे हे दोन स्वर. सगळ्या जगातल्या आया याच दोन स्वरांत हाक मारतात. कुठे शिकत नाहीत, कोणी शिकवत नाही. म्हणा बघू."

"आमची आई हाक मारत नाही," झोया नावाची एक चष्मेवाली मुलगी म्हणाली. "ती मेसेज करते."

"मग तू म्हण, तुझ्या आईला शिकवायला."

पोरं म्हणाली. वरून खाली येणारे दोन स्वर, पातळ, थोडे बेसूर, पुन्हा पुन्हा. आणि कापितोलिनाच्या बोटांखाली पियानो गार पडला. आपल्या आईने कधी या दोन स्वरांत हाक मारली होती का? ती शोधू लागली. आईचा आवाज तिला सगळा आठवत होता. गायींवर ओरडणारा, सभेत आकडे वाचणारा, दार लाव म्हणणारा. हाक तेवढी सापडेना.

जंगलात हाक निराळी असते. तिथे नाव घ्यायचं नाही. नुसतं आऊ म्हणायचं, लांब, आणि दुसऱ्याने आऊ म्हणून उत्तर द्यायचं, की समजायचं कोण कुठे आहे. नाव घेतलं की त्याला नाव कळतं, मग तो त्याच नावाने, तुझ्याच माणसाच्या आवाजात, दलदलीच्या पलीकडून बोलावतो. प्रोशा हरवला तेव्हा सगळा गाव, शेजारच्या गावांतली माणसं, नंतर लष्कराची पोरंसुद्धा रांगा करून जंगलात शिरली, आणि सगळं जंगल आऊ आऊ करत होतं, दिवसभर, कापितोलिनाला घरात ऐकू यायचं. कितीतरी आवाज, आणि त्यातल्या एकातही त्याचं नाव नाही. ती दहा वर्षांची होती. विटांच्या मोठ्या चुलीच्या उबदार माथ्यावर, जिथे ती आणि प्रोशा झोपायचे, तिथे अंग मुडपून बसली होती आणि वाटत होतं, यांना ठाऊकच नाही हे कोणाला बोलावताहेत.

शेजारची अव्दोत्या आजी आली होती ती दुसऱ्या दिवशी. कंबरेत वाकलेली, तोंडात दात नाही, येताना तिने बाहेरच्या खोलीत बसलेल्या सामूहिक शेतीच्या अध्यक्षाकडे आणि पोलिसाकडे बघितलंही नाही, सरळ स्वयंपाकघरात येऊन आईचा दंड धरला.

"येव्स्तोल्का, तू दिलंस त्याला. तूच बोलाव. दुसऱ्या कोणाचं तो सोडायचा नाही. जंगलात नको बोलावूस, घरातून बोलाव. चुलीवरचं झाकण उघड, धुराड्यात तोंड घाल आणि नावाने हाक मार. प्रोशा, घरी ये. आशीर्वाद दे वरून. धूर जातो तिथे हाक जाते."

"आजी, हळू. माणसं बसलीत."

"बसू देत की! त्यांना काय, चहा पितायत. पोर तुझं गेलंय."

आई चुलीशी गेली. कापितोलिना वरून बघत होती. आईच्या डोक्यावरचा रुमाल, भांगातले पांढरे केस, जे तोवर तिने कधी पाहिले नव्हते. आईने लोखंडी झाकण धरलं आणि ओढलं. ते उघडताना किंचित किंचाळलं. धुराड्यातून वाऱ्याचा आवाज आला, उंच, खोल, जणू जंगलाने तोंड उघडलं. आईने मान आत घातली. श्वास घेतला. तो घेतलेला श्वास कापितोलिनाला दिसला, पाठ फुगली, खांदे वर झाले. आणि बाहेरच्या खोलीत अध्यक्ष खाकरला आणि म्हणाला, "येव्स्तोलिया पेत्रोव्ना, अजून थोडी साखर मिळेल का?"

आईने झाकण लावलं. लोखंडावर लोखंड बसल्याचा एकच आवाज आला. मग तिने साखरेचं भांडं उचललं आणि बाहेर गेली.

प्रोशा सापडला. हेच तर कोणाला समजावून सांगता येत नाही. दुसऱ्या गावच्या गवत कापणाऱ्या बायकांना तो काही दिवसांनी दलदलीच्या पलीकडे सापडला, जिथे मोठ्या माणसालाही ओलांडून जाता येत नाही, एका स्प्रूसखाली बसलेला, टोपी डोक्यावर, कपडे कोरडे ठणठणीत. भूक लागली का विचारलं तर म्हणाला नाही, आजोबांनी भरवलं. कोण आजोबा? आजोबा. खिशात त्याच्या शेवाळ होतं आणि तो ते कोणाला फेकू देईना. गावाने आनंद केला, अध्यक्षाने सगळ्यांना पाजलं, वर्तमानपत्रात लष्कराच्या पोरांचं नाव आलं. पण प्रोशा घरापाशी आला तो उंबऱ्यापर्यंत आला. उंबऱ्यावर बसला. पाठ घराकडे. संध्याकाळ झाली तरी बसलेला. आई म्हणाली, "दार लाव, डास येतात," तेव्हा तो उठून आत आला आणि त्याने दार लावलं. पुढची सगळी वर्षं तसंच चाललं. तो जेवायचा, शाळेत जायचा, लाकडं फोडायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. पण आत यायच्या आधी थांबायचा. घटकाभर, उंबऱ्यावर. जणू काही एक गोष्ट व्हायची राहून गेलीय आणि ती झाल्याशिवाय नीट आत येता येत नाही. आत यायचाच शेवटी, मांजर येतं तसा. पण कोणी ये म्हणून नव्हे.

आणि त्या हिवाळ्यात नाताळानंतर सोंगं आली. दरवर्षी यायची. उलटे कोट, सालीचे मुखवटे, कोणी अस्वल, कोणी बोकड. सोंगाने बोलायचं नसतं. घरच्यांनी ओळखायचं असतं. आधी प्रोशा खदाखदा हसत बुटांवरून एकेकाला ओळखायचा, हा पाश्का ट्रॅक्टरवाला, ही तर आमच्या शाळेतली बाई! त्या वर्षी तो बाकावरून उठला, मोठ्यासारखा, आणि एक स्टूल ओढून त्यांच्यापुढे ठेवलं. एकेकाच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग हळूच विचारलं, "आजोबा नाही आले?"

मुखवट्याखाली पाश्काचा हसण्याचा आवाज मध्येच थांबला होता. ती माणसं लवकर गेली. पुढे एपिफनीच्या सणाला, सोंग घेतलेले सगळे बर्फ फोडून नदीत बुडी मारून पाप धुतात, तेव्हा पाश्काने म्हणे एक सोडून दोन बुड्या मारल्या.

सैन्यातून सुटल्यावर प्रोखोर गावी परतला नाही. दूर उत्तरेला, कोमीच्या जंगलांत लाकूडतोडीवर गेला. सुरुवातीला सणाला कार्ड यायचं, मग तेही बंद झालं. कोणी म्हणालं जंगलात राखणदार झाला, कोणी म्हणालं वारला. चर्चमध्ये जिवंतांच्या मेणबत्त्या मूर्तींपुढे लावतात आणि मेलेल्यांच्या बाजूच्या चौकोनी टेबलावर, क्रूसापुढे. कापितोलिना दर रविवारी गाण्याच्या आधी एक जादा मेणबत्ती घेते आणि दोन्हींच्या मध्ये उभी राहते. शेवटी ती तशीच, न पेटवता, कोटाच्या खिशात घालून घरी आणते. तिच्या टेबलाच्या खणात अशा मेणबत्त्यांचा ढीग झालाय. उल्यानाने तो पाहिला असणार.

वर्ग संपल्यावर ती चर्चकडे चालत गेली. वाटेत थांबून फोन लावत गेली. फादर वार्लाम पायऱ्यांवर होते, पाद्र्याचा लांब झगा कमरेत खोचून, फावड्याने चिखल आणि बर्फ बाजूला लोटत. त्यांचा आवाज खर्जातला होता आणि ते प्रवचनसुद्धा गाऊन करतात की काय असं नवख्याला वाटायचं. प्रार्थनेत ते एक ओळ उचलायचे आणि समोरचे सगळे तिच्यात आपला सूर मिसळायचे, आणि कापितोलिना त्या क्षणासाठीच जगते असं तिला कितीदा वाटलं होतं. विद्यार्थिनी असताना ती पहिल्यांदा या दारात आली ती थंडी वाजत होती म्हणून. आत गात होते. कोणीतरी कोणाला तरी बोलावत होतं, पुन्हा पुन्हा, दया कर म्हणत, आणि न थकता. ती आत गेली ती बाहेर आलीच नाही म्हणायची.

"आज गुरुवार, कापितोलिना निकीतिच्ना. सराव उद्या आहे," फादर म्हणाले.

"माझ्या तोंडून एक वाईट शब्द गेला, फादर. मुलीला."

"घरोघर जातो. फावडं घेता का?"

"लेशी नेवो म्हणाले."

फादर वार्लामनी फावडं भिंतीला टेकवलं. "आणि मुलगी?"

"जंगलात गेलीय. माझ्या गावाला. फोन लागत नाही. तुम्ही हसाल."

"लेशीबिशीला मी काही हसत नाही, मी त्याला ओळखतच नाही. आमची कधी ओळख झाली नाही." त्यांनी हात पुसले. "पण आईचा शब्द, बाई, तो शब्द असतो. तो हवेत राहत नाही. परत घ्या."

"ती इथे नाहीय."

"मग काय देव फक्त समोरासमोरचंच ऐकतो? आपण आत उभे राहून रोज कोणाला आळवतो? तो काय तिथे खुर्चीवर बसलेला असतो?" ते पुन्हा फावड्याकडे वळले. "ज्या तोंडाने गेला त्याच तोंडाने. आणि मोठ्याने हं. पुटपुटू नका. तुम्ही कोरसमध्ये पण सुरुवातीची ओळ पुटपुटता, मला ऐकू येतं."

घरी येईपर्यंत दुपार कलली होती. पाच मजली इमारत, पाचवा मजला, रेडिएटर तापून खोलीत कोंदलं होतं. स्वयंपाकघरात अजून जळक्या दुधाचा वास होता. लापशीची वाटी तशीच पडली होती, चमचा तिच्यात उभा. कापितोलिना कोटासकट खुर्चीवर बसली. याच खुर्चीवर आई बसायची, शेवटच्या वर्षी, जेव्हा तिला इथे आणलं होतं. बारीक झालेली, हातावर शिरा, मानाच्या फळ्यावरची बाई कुठे गेली कळेना. सारखं विचारायची, "कापा, झाकण उघडं आहे ना?" कुठलं झाकण आई? "धुराड्याचं." आई, इथे चूल नाही, इथे रेडिएटर आहेत, हात लावून बघ. आई हात लावून बघायची. थोड्या वेळाने परत, "उघडं ठेव हं. लावू नकोस." कापितोलिनाला वाटायचं, म्हातारीला धुराने गुदमरायची भीती वाटते. गावाकडे असं व्हायचं. तिने आईला समजावलं होतं, प्रेमाने समजावलं होतं, एकदा रागावलीही होती. रात्री उठून बघायला जायची तर आई अंधारात भिंत चाचपत असायची.

ती सकाळपासून जी गोष्ट टाळत होती ती आता तिच्यासमोर येऊन बसली, शेजारीण बसते तशी, घाई न करता. आईला गुदमरायचं भय नव्हतं. आईला अजून हाक मारायची होती. तिने ती एवढी वर्षं छातीत धरून ठेवली होती, घेतलेला श्वास सोडला नव्हता, आणि मी तिला सांगत होते की इथे चूल नाही.

कापितोलिना उठली. मोठ्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटी झडप असते, हवेपुरती. थंडीसाठी तिच्या फटींत उल्यानाने कापूस कोंबून वरून कागदाची पट्टी चिकटवली होती. तिने खुर्ची ओढली, वर चढली, पट्टी फाडली, कापूस काढला. झडप फुगली होती. दोन धक्के दिल्यावर उघडली, आणि उघडताना किंचित किंचाळली.

गार हवा तोंडावर आली. खाली अंगणात माणसं होती. दोघे जण एका जुन्या गाडीच्या बॉनेटमध्ये वाकलेले. पहिल्या मजल्यावरच्या रिम्मा फ्योदोरोव्ना कुत्र्याला फिरवत. झोपाळ्यापाशी एक बाळगाडी आणि बाळाची आई. सगळे ओळखीचे. दर ईस्टरला हे सगळे चर्चमध्ये तिचं गाणं ऐकायला येतात. संगीतशाळेच्या बाई. तिला वाटलं आता कोणीतरी खाकरेल, साखर मागेल, आणि मी ही झडप लावून खाली उतरेन. हात झडपेच्या कडीवर होता. तिला आईची पाठ दिसली, फुगलेली, आणि पहिल्यांदाच कळलं की ती पाठ किती घाबरलेली होती.

"उल्याशा!"

आवाज नीट लागला नाही. सुरुवातीची ओळ पुटपुटता तुम्ही. तिने छाती भरून घेतली.

"उल्याशा, घरी ये!" दोन स्वर, वरून खाली, जसे पोरांना शिकवते तसे. "घरी ये गं! देव तुझ्याबरोबर असो! घरी ये!"

बॉनेटमधली दोन डोकी वर आली. कुत्रं भुंकायला लागलं.

"कापितोलिना निकीतिच्ना! अहो, पडाल!" रिम्मा फ्योदोरोव्ना खालून ओरडल्या. "उल्याना सकाळीच गेली की त्या दाढीवाल्याबरोबर! मी पाहिली!"

"ठाऊक आहे मला!"

"मग ओरडता कशाला?"

"हाक मारतेय!"

"फोन नाही का तुमच्याकडे?"

"तिथे फोन जात नाही!"

गाडीपाशी उभ्या असलेल्यांतला एक जण हसला, दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. बाळगाडीवाली बाई वर बघत राहिली. मग तिने, का कोण जाणे, गाडीतल्या बाळाचं पांघरूण सारखं केलं. कापितोलिनाचे कान तापले होते, आणि तरी आत कुठेतरी एक घट्ट गोष्ट सैल होत होती. आता थांबता येत नव्हतं. तिने पुन्हा श्वास घेतला आणि या वेळी आवाज आधी आला, नाव मागून.

"प्रोशा! प्रोशा रे, घरी ये! आत ये! आई बोलावतेय!"

खाली सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्या नावाचं या इमारतीत कोणी नव्हतं. हाक छपरांवरून गेली, कापडगिरणीच्या जुन्या चिमणीवरून, नदीच्या बाजूला, आणि कुठे थांबली ते दिसलं नाही.

संध्याकाळ पडेपर्यंत ती स्वयंपाकघरात बसून राहिली. दिवा लावला नाही. झडपेतून थंड हवा येत होती, तिने शाल घेतली. भीती गेली नव्हती. पण सकाळची भीती बंद खोलीत होती, आणि हिला आता यायला जायला वाट होती. ती हळू आवाजात, ओठातल्या ओठात नाही, हळू पण ऐकू येईल अशी, प्रार्थनेच्या ओळी म्हणत राहिली. मध्येच जिन्यात पावलं वाजायची आणि दुसऱ्या मजल्यावर थांबायची. मग परत शांतता. मग परत पावलं, आणि ही वर येत राहिली, जड, चिखलाने भरलेल्या बुटांची.

कुलपात किल्ली फिरली. दार उघडलं. उल्याना उंबऱ्यावर उभी होती, गालांवर चिखल, टोपीत स्प्रूसच्या काड्या. जिन्यातला दिवा तिच्या मागे होता. ती आत आली नाही. बूट फार घाण होते म्हणून, किंवा सकाळचं भांडण आठवून, ती तिथेच थांबली. कापितोलिनाला ते थांबणं ओळखीचं होतं. तिने ते कितीतरी वर्षं पाहिलं होतं आणि कधी काही केलं नव्हतं.

"आत ये," ती म्हणाली.

"बूट बघ माझे."

"राहू देत बूट. आत ये, बाळा."

उल्याना आत आली. आईने तिच्या कपाळावर, खांद्यांवर, छातीवर क्रूस काढला, मग तिला इतकं आवळलं की तिच्या खिशातला रेकॉर्डर दोघींच्या मध्ये रुतला.

"गाडी फसली दलदलीपाशी," उल्याना तिच्या खांद्यात तोंड खुपसून बोलत होती. "रोद्याला वाटलं पुढे रस्ता आहे. मी म्हटलं पायी जाऊन बघते, निघालेही, आणि मग परत फिरले. कंटाळा आला म्हण. गाडी ढकलतच बसलो. तुझं घर पडलंय आई. चूल तेवढी उभी आहे आणि तिचं धुराडं. बाकी काही नाही. खाली रिम्माआजी म्हणाली तू खिडकीतून आरडाओरडा करत होतीस. अख्ख्या अंगणाला ऐकू गेलं म्हणे. आणि मी तिकडे शांतता रेकॉर्ड करत बसलेय! इथे माईक लावायला हवा होता."

कापितोलिनाने शेगडी पेटवली, सूप गरम करायला ठेवलं, राय धान्याचा काळा पाव कापला. उल्याना कोटातच बसून हात चोळत होती.

"तुमच्या त्या पोराला," कापितोलिना पाठमोरी असतानाच म्हणाली, "शेवटी लेशी हाक मारतो ना. आईच्या आवाजात."

"हो. पण तू नको म्हणालीस. ठीक आहे, आम्ही बघू."

"आणि त्याची आई कधी हाक मारते?"

उल्यानाने हात चोळायचे थांबवले. "त्याची आई... आईची हाक आम्ही लिहिलीच नाही. पर्याय येतात ते जायचं की थांबायचं एवढेच."

"मग लिही. घरातून मारलेली हाक. लेशीचं मी बोलणार नाही, ते त्या बँकेच्या बाईला दे. आईचं मी बोलते."

"म्हणजे तो पोरगा वाचणार?"

"ते त्या खेळणाऱ्याला ठरवू दे. हाक तर येऊ दे त्याच्यापर्यंत."

उल्यानाने वही काढली नाही, काही नाही, नुसतं बोटाने टेबलावर सांडलेल्या पाण्यात एक रेघ ओढली. मग तिला थंडी जाणवली आणि तिने वर बघितलं. "अगं, झडप उघडीच आहे! मी एवढा कापूस कोंबला होता. म्हणून गारठलंय घर." ती खुर्चीवर चढायला उठली.

"राहू दे."

"आई, बर्फ आत येतोय."

खरंच येत होता. बारीक, दिव्याच्या उजेडात फिरत, वाटीच्या काठावर विरघळत. कापितोलिनाने सुपाचा वाडगा मुलीपुढे सरकवला, खणातून एक मेणबत्ती काढली आणि कोपऱ्यातल्या मूर्तीपुढे, जिवंतांच्या जागी, लावली. वाऱ्याने ज्योत आडवी झाली, पण विझली नाही.

"येऊ दे," ती म्हणाली.